सोनीचा ए सेव्हन थ्री कॅमेरा विकून ए सेव्हन फोर घेऊ का?

महिन्याभरात चौथ्यांदा हाच प्रश्न इनबॉक्समधे आलाय म्हणून एकदाच लिहून टाकतो. मी लग्नं शूट करतो, त्यामुळे माझं मत हॉल आणि मांडवापुरतंच, जंगलात प्राणी-पक्षी शूट करणाऱ्यांनी भांडायला येऊ नये.

सोनीचा ए सेव्हन थ्री २०१८ चा, २४ मेगापिक्सेल. फोर आला २०२१ ला, ३३ मेगापिक्सेल. लोकं हा आकडा बघूनच हुरळतात, पण खरं सांगतो, अल्बममधे बारा बाय छत्तीसचं पान छापून आलं की कुठला फोटो कुठल्या बॉडीचा (लेन्स सोडून नुसत्या कॅमेऱ्याचा) हे मला स्वतःलाच ओळखता येत नाही, नवरीच्या मावशीचं तर सोडाच. अंधारात पण तेच, ६४०० आयएसओला (म्हणजे सेन्सरची संवेदनशीलता बरीच वाढवली की) नॉईज, म्हणजे फोटोतले दाणे, दोघांचा जवळपास सारखाच वाटतो मला. उलट फाईली मोठ्या झाल्यात, दोन दिवसांच्या लग्नात हार्डडिस्क रडते.

मग फरक कुठंय? तर मुंडावळ्यांत! हसू नका. थ्रीचा आय एएफ (डोळा शोधून त्यावर आपोआप फोकस करणारा) चांगलाच आहे, २०१९ च्या अपडेटनंतर तर मस्तच झाला, पण डोळ्यासमोर मुंडावळ्या लोंबत असल्या की तो कधी डोळा धरतो कधी मोती, आणि अंतरपाट खाली आल्यावर अक्षता उडायला लागल्या की देवाचं नाव घ्यायचं. फोर तिथं जास्त वेळ डोळ्यावर टिकून राहतो. दरवेळी नाही, पण दहात दोन फोटो जास्त हाती लागतात आणि ते दोनच नेमके हवे असतात. फक्त एक लक्षात ठेवा, दोन्हीवर सेकंदाला १० फोटो असं लिहिलेलं असतं, पण फोरवर लॉसलेस रॉ (काहीही न गाळता ठेवलेली कच्ची फाईल) लावलात की ते ६ वर येतं. दुकानदार हे सांगत नाही.

व्हिडिओवाले असाल तर विचारच करू नका, फोर घ्या. थ्रीचं ८ बिट फुटेज (रंगांच्या छटा कमी) लॉगमधे, म्हणजे फिक्या प्रोफाईलमधे, शूट करून ग्रेडिंगला (रंग सुधारायला) घेतलं की हळदीच्या पिवळ्यात पट्टे दिसतात, फोरमधे १० बिट मिळतं, म्हणजे छटा जास्त. त्याचा सेकंदाला ६० फ्रेमचा ४के व्हिडिओ मात्र क्रॉप होतो, चौकट कडेने कापली जाते, म्हणजे चोवीसची लेन्स छत्तीस झाल्यासारखी, आणि नवरीच्या मेकअपच्या एवढ्याशा खोलीत पाठ भिंतीला टेकते!!

मेनू फोरचा सुधारलाय, टचने चालतो. बाजूला उघडणारी स्क्रीन मला अजून पटलेली नाही, गर्दीत कुणाचातरी कोपर लागतोच. बॅटरी तीच एफझेड १००, पण कंपनीच्याच आकड्यात स्क्रीनवर शूट केलं तर थ्री ७१० फोटो देतो आणि फोर ५८०.

तर फक्त फोटो काढणारे असाल आणि कॅमेऱ्यासोबत आलेल्या किट लेन्सवर काम चाललं असेल, तर बॉडी राहू द्या, एक ८५ एमएम १.८ लेन्स घ्या. मी स्वतः फोर घेतलाय हे खरं, कारण अर्ध्या ऑर्डरी आता रीलच्याच असतात. थ्री दुसऱ्या खांद्यावर लटकवतो. विकत नाहीये, किंमत विचारू नका 😄