भाची ड्रॅगनवाली गोष्ट वाचत होती, त्यावरून

आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, माहेरी गेले होते. आमरस आणि खापरावरच्या पुरणपोळ्या झाल्या आणि भर दुपारी सगळे कूलरसमोर आडवे झाले. भाची कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला आहे. ती मोबाईलवर ‘फोर्थ विंग’ ही इंग्रजी कादंबरी वाचत होती. वहिनी म्हणाली, “ताई, तुम्हीच समजवा हिला. ड्रॅगन आणि प्रेमप्रकरणं, काय मिळतं त्यातून?”

वहिनीला जे सांगितलं ते इथे सविस्तर लिहिते, कारण हा प्रश्न मी शाळेत असल्यापासून ऐकत आले आहे.

आपण ‘कादंबरी’ म्हणतो तो शब्दच मुळात एका अद्भुत प्रेमकथेच्या नायिकेचं नाव आहे. सातव्या शतकात बाणभट्टाने ती लिहायला घेतली, पुरी व्हायच्या आत तो गेला आणि पुढची त्याच्या मुलाने पूर्ण केली. गोष्ट सांगतो एक पोपट. अच्छोद सरोवराच्या काठी महाश्वेता आपल्या मेलेल्या प्रियकराची वाट बघत बसलेली असते, कारण त्याचा देह उचलून नेणाऱ्या दिव्य पुरुषाने ‘पुन्हा भेट होईल’ असा शब्द दिलेला असतो. तिची मैत्रीण कादंबरी म्हणते, ही दुःखात आहे तोवर मी लग्न करणार नाही. पुढे कादंबरीवरही तीच वेळ येते. तिच्या प्रियकराचा, चंद्रापीडाचा, प्राण जातो, पण देह कोमेजत नाही आणि ती त्या देहाची राखण करत बसते. मराठी अनुवाद मिळाला तर वाचाच. वर्णनं लांबलचक आहेत, पहिली काही पानं नेट लावून काढा. महाश्वेता वीणा वाजवताना दिसली की पुढे पुस्तक सुटत नाही.

मला या वाटेला लावलं ते ‘चंद्रकांता’ने. १९९४ मध्ये दूरदर्शनवर मालिका सुरू झाली आणि रविवारी सकाळी आमची गल्ली ओस पडायची. आमचं रावेर तालुक्यातल्या एका गावात किराणा दुकान. वडील माल आणायला भुसावळला जायचे. एकदा येताना स्टेशनवरच्या स्टॉलवरून त्यांनी देवकीनंदन खत्रींचं मूळ हिंदी पुस्तक आणलं. १८८८ चं लिखाण, पण मी ते दोन दिवसांत संपवलं. त्यातल्या ऐयारांच्या, म्हणजे वेष बदलून फिरणाऱ्या हेरांच्या, बटव्यात काय काय असतं! बेशुद्ध करायची पूड, शुद्धीवर आणायला हुंगवायचा लखलखा, वेष बदलायचं सामान. राजकुमार वीरेंद्रसिंह आणि चंद्रकांता एकमेकांसाठी झुरतात, ते ठीक आहे. माझा जीव जडला तो तेजसिंह आणि चपलावर. दोघंही ऐयार, दोघंही कामात तरबेज, आणि त्यांचं प्रेम त्या कामातूनच दिसतं.

तेव्हापासून मी एकच कसोटी लावते. गोष्टीतली जादू काढून टाकली तर प्रेमकथा जशीच्या तशी उरते का? उरत असेल तर ती जादू नुसती नक्षी आहे. ‘फोर्थ विंग’ मला इथेच थोडं कमी वाटतं. वेग जबरदस्त आहे, ड्रॅगन आणि त्याच्या स्वारामधलं नातं सुंदर आहे, पण व्हायलेट आणि झेडनचं प्रेम कुठल्याही सैनिकी शाळेत रंगलं असतं. आवडतं त्यांनी जरूर वाचावं. शाळकरी मुलांच्या हातात मात्र देऊ नका, त्यातले शृंगाराचे प्रसंग मोठ्यांसाठी आहेत.

या कसोटीवर शंभर नंबरी उतरते ती नाओमी नोविकची ‘स्पिनिंग सिल्व्हर’, २०१८ मधली. मिरियमचे वडील सावकार आहेत, पण वसुलीला त्यांचं तोंड उघडत नाही. लोक पैसे बुडवतात, घरात अन्न नाही, आई आजारी. शेवटी ही पोर बर्फात दारोदार फिरून वसुली करते. ती पानं वाचताना मला आमची उधारीची लाल वही दिसत होती. केळीचा पैसा आला की देतो म्हणणारे, आणि पैसा आल्यावर दुसऱ्या गल्लीतून जाणारे. वडिलांचा आवाज कधी चढला नाही. आई मात्र रात्री वहीची पानं पुन्हा पुन्हा उलटायची.

मिरियम सहज बोलून जाते की मी चांदीचं सोनं करते. म्हणजे व्यापारात पैसा वाढवते. हे हिवाळ्याच्या राज्याचा राजा ऐकतो आणि खरोखरच चांदीची नाणी भरलेली थैली दारात ठेवून जातो. ती सराफाकडून त्या चांदीची अंगठी घडवून घेते, सोन्याच्या नाण्यांवर विकते आणि त्याचं सोनं त्याला परत करते. जळगावच्या सराफ बाजारात वाढलेल्या कुणालाही हा हिशोब लगेच कळेल. पुढे त्या दोघांत जे काही होतं ते गोड बोलण्यातून होत नाही. दिलेला शब्द तंतोतंत पाळायचा, कुणाचं काही फुकट घ्यायचं नाही, ही दोघांची जात एक निघते. तिथली जादूच देण्याघेण्यावर चालते. ती काढा, प्रेम उरणारच नाही. इतकी स्वाभिमानी नायिका मी फार कमी पुस्तकांत पाहिली.

हलकं काही हवं असेल तर डायना विन जोन्सची ‘हाउल्स मूव्हिंग कॅसल’ घ्या. टोप्यांच्या दुकानात काम करणारी सोफी शापाने म्हातारी होते आणि म्हातारपणातच तिला तोंड फुटतं. मला ही लेकीसोबत वाचायला मिळाली, सगळ्या वयांना चालते. इंग्रजी जड जात असेल त्यांच्यासाठी टॉल्किनचं ‘स्वामी मुद्रिकांचा’ मुग्धा कर्णिकांच्या मराठीत आहे. त्यात प्रेमाला जागा थोडी आहे, पण अमरत्व सोडून माणसाशी लग्न करणारी आर्वेन विसरता येत नाही.

आता मला सातपुड्यात घडणारी अशी एक जाडजूड मराठी कादंबरी वाचायची आहे, जिच्यातली माणसं अहिराणी बोलतील. आजी रात्री अंगणात बाजेवर गोट, म्हणजे गोष्ट, सांगायची आणि मध्येच थांबली की आम्ही सगळी पोरं एका सुरात विचारायचो, “मंग काय व्हयनं?” ते ऐकू येईल असं पुस्तक. कुणी लिहीत असाल तर लवकर लिहा.

निघताना ‘स्पिनिंग सिल्व्हर’ भाचीच्या हातात देऊन आले. काल रात्री अकराला तिचा फोन. “आत्या, तिसरी थैलीपण झाली. आता तो तिला न्यायला आलाय.” मागून वहिनीचा आवाज आला, “मग? गेली का ती?”