नऊ चौरस मीटरमधील कारखाना

औद्योगिक प्रदर्शनात आपला स्टॉल असावा असे ज्याच्या मनात येते तो माणूस आणि तो स्टॉल प्रत्यक्ष उभा करतो तो माणूस, हे सहसा एक नसतात. काजूबी फोडण्याची यंत्रे बनवणाऱ्या आमच्या वेंगुर्ल्याजवळच्या कंपनीत पहिला मान धाकट्या मालकांचा आणि दुसरा माझा. मी मुळात हिशेबनीस आहे. पण "खर्च कुठे वाचवायचा ते तुम्हालाच कळतं" असे म्हणून मुंबईच्या प्रदर्शनाची फाइल माझ्या टेबलावर ठेवण्यात आली, आणि ती उघडल्यावर पहिल्याच पानावर कळले की वाचवण्यासारखे त्यात काही उरलेलेच नाही.

संयोजकांच्या पुस्तिकेनुसार आम्हाला तीन मीटर लांब व तीन मीटर रुंद जागा मिळणार होती. तीन बाजूंना पांढरी पॅनेल, समोर वरच्या बाजूला कंपनीच्या नावाची पट्टी, खाली गालिचा, एक टेबल, दोन खुर्च्या, तीन दिवे, पाच अँपिअरचा एक प्लग आणि कचऱ्याची एक टोपली, एवढे सगळे भाड्यात धरलेले होते. आमच्या यंत्राची मोटर दोन अश्वशक्तीची, म्हणजे सुमारे दीड किलोवॅटची, आणि तीन फेजवर चालणारी. त्या प्लगवर ती चालणे शक्य नव्हते. तीन फेजची वीज हवी असेल तर निराळा अर्ज, निराळे शुल्क आणि निराळी अनामत. टोपली मात्र फुकट होती, हे मी मालकांना आवर्जून सांगितले.

खरा पेच उंचीचा निघाला. पॅनेल अडीच मीटरची आणि आमच्या यंत्राला बी वर चढवून देणारा बकेट एलिव्हेटर पावणेतीन मीटरचा. यंत्र पुढे ठेवले तर एलिव्हेटर आमच्याच नावाच्या पट्टीपुढे उभा राहणार आणि मागे ठेवले तर पॅनेलच्या वर डोके काढणार. डोके काढायचे असल्यास अभियंत्याचे प्रमाणपत्र जोडून परवानगी घ्यावी, असे पुस्तिकेत ठळक अक्षरांत छापले होते. आमचे फोरमन तात्या नकाशाकडे बराच वेळ पाहत राहिले आणि म्हणाले, "साहेबानू, यंत्र कापूचा की मांडव वाढवूचो?" दोन्हींचा खर्च काढल्यावर यंत्र कापणे स्वस्त पडले. ज्या एलिव्हेटरमुळे आमच्या यंत्रावर एक माणूस कमी लागतो, तो प्रदर्शनासाठी खांद्यापर्यंत छाटला गेला. पर्यायाने बी हाताने ओतण्यासाठी एक माणूस सोबत नेणे भाग पडले आणि त्याच्या राहण्याजेवणाचा खर्च माझ्या वहीत आला.

त्यानंतर यंत्राला नटवण्याचे काम सुरू झाले. काजूच्या टरफलात जे तेल असते ते कातडी सोलून काढणारे असते, म्हणूनच हाताने बी फोडणाऱ्या बायका बोटांना खोबरेल आणि राख लावून बसतात. हेच तेल आमच्या चाचणीच्या यंत्रावर वर्षानुवर्षे बसून त्याचा रंग काळाकुळकुळीत झालेला. ते घासून, खरवडून, रंग देऊन यंत्र लख्ख केले, पण किनाऱ्यावरच्या खाऱ्या हवेला प्रदर्शनाची तारीख कोण सांगणार? दोन रंगांच्या मधल्या रात्रीत बोल्टांवर तांबूस गंज फुटायचा. बी ओतण्याची चाडी तर ३०४ जातीच्या स्टेनलेस स्टीलची, तिच्यावरही चहाचे शिंतोडे उडावेत तसे ठिपके आले. समुद्राकाठी मॉलिब्डेनम असलेले ३१६ वापरावे हे तात्यांनी खरेदीच्या वेळीच सांगितले होते. भावातला फरक पाहून ते कोणी नाकारले, याची आठवण त्यांनी गंज पुसताना सर्वांसमक्ष करून दिली. मोठे मालक तेवढ्यात फोनवर बोलायला बाहेर गेले.

प्रात्यक्षिकासाठी बी कोणती न्यायची, यावर भावाभावांत वाजले. काजूचा हंगाम फेब्रुवारी ते मे आणि प्रदर्शन डिसेंबरात. एरवी आमच्याकडचे कारखाने वर्षाचा बराचसा काळ आफ्रिकेतून आलेल्या बियांवरच चालतात, त्यामुळे गोदामात पोती होती तीही तिकडचीच. कोकणच्या यंत्रात परदेशी बी फोडणे मोठ्या मालकांना मान्य होईना. अखेर त्यांच्या एका मेहुण्यांनी घरच्यासाठी राखून ठेवलेली वेंगुर्ला-७ जातीची बी नाइलाजाने दिली. एकेक बी दहा ग्रॅमच्या आसपास, गावठी बीच्या जवळजवळ दुप्पट. पाती त्या मापाला लावली. आता त्या यंत्रात याहून लहान बी टाकली असती तर फुटल्याविना खाली आली असती. सभागृहात शेगडी किंवा वाफेला मनाई असल्यामुळे बी इथेच वाफवून, निववून पोत्यात भरली. मेहुण्यांना मोबदल्यात स्टॉलचा एक पास हवा होता, तोही दिला.

तंत्रज्ञानाच्या प्रदर्शनाला जायचे तर अंगावर तंत्रज्ञान दिसले पाहिजे, असे धाकट्या मालकांचे मत. २०११ साली जर्मनीतील हॅनोव्हरच्या मेळ्यात, यंत्रे इंटरनेटने एकमेकांना जोडून कारखाना चालवण्याच्या पद्धतीचे 'इंडस्ट्री ४.०' हे नाव प्रथम जाहीरपणे पुढे आले, हे त्यांनी कुठेतरी वाचले होते आणि आमच्या माहितीपत्रकावर तो ४.० यायलाच हवा होता. नुसता छापला तर कोणी विचारील, म्हणून इलेक्ट्रिशियनकडून यंत्राच्या तोंडाशी एक सेन्सर आणि लाल आकड्यांचे मीटर बसवून घेतले. खाली पडणारी प्रत्येक बी ते मोजते. तात्यांचा हात, फडके आणि उडणारी माशीही मोजते. माहितीपत्रकात त्याला 'अचूक उत्पादन निरीक्षण' म्हटले आहे, आणि ते वाक्य माझे नाही.

प्रवासाबद्दल फारसे लिहीत नाही, मुंबई-गोवा महामार्ग सर्वांनाच ठाऊक आहे.

सभागृहात पोहोचलो तेव्हा आमच्या एका बाजूला वेल्डिंग करणारा रोबोट उभा राहत होता आणि समोर लेझरने पत्रा कापणारे यंत्र. नावाची पट्टी लागलेली होती. पट्टीवर अक्षरे किती असावीत याला मर्यादा होती आणि आमच्या कंपनीचे नाव वडिलांच्या काळातले, ऐसपैस. त्यामुळे शेवटचे 'अँड सन्स' कापले गेले होते. ज्या दोन सन्सनी भाडे भरले ते खाली उभे राहून वर पाहत होते. जादा अक्षरांचे जादा पैसे पडतील, असे कंत्राटदाराच्या माणसाने सांगितल्यावर दोघांनी माझ्याकडे पाहिले. खर्च वाचवण्यासाठीच मला आणले होते, म्हणून मी पुस्तिका मिटली.

तात्यांना त्याचे काही नव्हते. नारळ दिल्याशिवाय यंत्र सुरू करायचे नाही, एवढेच त्यांचे म्हणणे. गालिच्यावर डाग पडल्यास दंड होता. त्यांनी यंत्राच्या चौकटीवर नारळ धरला आणि गाऱ्हाणे घातले, "बा देवा म्हाराजा, ह्या तीन फेजाक आज खंड पडाक देव नको, आणि येतलो तो गिऱ्हायक बघून जावक नाय, घेवन जावक व्हयो!" रोबोटवाल्यांचा एक मुलगा सावंतवाडीचा निघाला. त्याने शेजारच्या स्टॉलवरून "व्हय म्हाराजा!" म्हणून साथ दिली, आणि नारळ पहिल्याच फटक्यात फुटून एक कवड सेन्सरसमोरून खाली गेली. मीटरवर १ उमटला. धाकट्या मालकांनी तो ताबडतोब शून्यावर आणायला सांगितला, पण तात्या काही ऐकेनात.