दोरी ओढा, भावजी!

गोव्यात राहतो, घराजवळ नदी आहे, मेव्हण्याची होडी आहे असं सांगितलं की पुण्या-मुंबईचे नातेवाईक 'मजा आहे बाबा' म्हणतात, त्यांना एकदा ते 8 हॉर्सपॉवरचं आउटबोर्ड इंजिन उचलायला द्यायला पाहिजे. 25-30 किलोचं ते धूड दर रविवारी घरातून शिवोलीला नदीवर न्यायचं (होडीलाच ठेवलं तर चोरीला जाईल म्हणे), मागच्या फळीला अडकवून स्क्रू आवळायचे आणि मग जाहीर कार्यक्रम सुरू.

इंजिन टू-स्ट्रोक, म्हणजे पेट्रोलमध्येच ऑइल मिसळायचं, 5 लिटरला 100 मिली. मेव्हणा "थोडं जास्त बरं असतं" म्हणत धार सोडतो आणि ते जास्तीचं ऑइल जाऊन बसतं स्पार्क प्लगवर. मग चोक ओढा, रबरी फुगा दाबून पेट्रोल वर चढवा, गिअर न्यूट्रलला आहे ना बघा, आणि दोरी ओढा. फर्र. परत ओढा. फर्र. तोवर गरी टाकून बसलेले काका, पोळ्या विकून परतणारा सायकलवाला, सगळे मेकॅनिक झालेले असतात. एक म्हणतो फ्लड झालंय, पेट्रोल जास्त गेलंय, चोक बंद कर, दुसरा म्हणतो अजून ओढ.

"भावजी, हातानं नाही, कंबरेतून ओढा!" हे मेव्हणा फळीवर बसून सांगतो, कारण त्याला कंबरेचा त्रास आहे.

भरती रोज साधारण 50 मिनिटं उशिरा येते, मेव्हणा त्याहून उशिरा, त्यामुळे इंजिन धडधडायला लागेपर्यंत ओहोटी लागलेली असते. तरी निघतोच आपण, मोरजीच्या बाजूला चोणक मासा लागतोय अशी बातमी असते ना! परवा शापोरा नदीच्या ऐन मध्यावर इंजिन खोकलं आणि बंद. प्लग काढला, पुसला, फुंकला, काही नाही. मग लक्षात आलं, टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू मेव्हण्याने घट्ट आवळून ठेवलेला, पेट्रोल सांडू नये म्हणून. आत हवाच जात नाही तर पेट्रोल बाहेर येणार कुठून? स्क्रू ढिला केला, पण दोरी ओढायला माझ्या खांद्यात जीव नव्हता आणि ओहोटी आम्हाला आरामात समुद्राकडे नेत होती.

"वल्हं घे," मी म्हणालो.

"एकच आहे."

"दुसरं?"

"घरी. आईने कपडे वाळत घालायला बांधलंय."