नेक्स्ट, नेक्स्ट, आय अ‍ॅग्री

प्रत्येक घराण्यात एक जण 'त्यातला' असतो. त्याने कधीकाळी कुणाच्या तरी प्रिंटरमध्ये अडकलेला कागद ओढून काढलेला असतो आणि तेव्हापासून सगळं गोत त्याला कॉम्प्युटर इंजिनिअर समजतं. आमच्याकडे हा मान माझ्याकडे आहे. मी बी.कॉम. झालोय, पण ऐकतो कोण?

त्यामुळे डोंबिवलीहून भाऊकाकांचा फोन आला की मी आधी बसून घेतो. या खेपेला तक्रार होती ती ताईच्या लग्नाच्या डीव्हीडीची. जुन्या कॉम्प्युटरवर लागायची, नव्या लॅपटॉपवर लागेना. यात काकांचा काही दोष नव्हता. विंडोज ८ पासून मायक्रोसॉफ्टने डीव्हीडी चालवण्याची सोयच काढून टाकली. त्यासाठी भरावी लागणारी परवान्याची फी परवडेना म्हणून. ताईचं लग्न त्या हिशेबात धरलेलं नव्हतं.

"फुकटातलं एखादं सॉफ्टवेअर सांग," काका म्हणाले. "पण बिनव्हायरसचं." मग जरा थांबून, "तसं मी एक टाकलंय."

इथे माझ्या पोटात गोळा आला.

काका बँकेतून निवृत्त झालेत. सहीचा फराटा जरासा वाकडा दिसला तरी चेक परत पाठवणारा माणूस. आजही विम्याच्या कागदातली बारीक कलमं भिंग घेऊन वाचतात. पण हाच माणूस इन्स्टॉलरसमोर बसला की नेक्स्ट, नेक्स्ट, आय अ‍ॅग्री, फिनिश असा सुसाट सुटतो. मधल्या एका पानावर 'एक्स्प्रेस' आणि 'कस्टम' असे दोन पर्याय असतात. एक्स्प्रेसपुढे 'शिफारस केलेला' आणि कस्टमपुढे 'फक्त जाणकारांसाठी' असं लिहितात. सोबतची आगंतुक सॉफ्टवेअरही टाका म्हणणाऱ्या चार खुणा आधीच करून ठेवलेल्या असतात त्या या कस्टमच्या आत. नको म्हणण्याचं बटण इतकं फिकट राखाडी, की ते बंद पडलंय असंच वाटावं. स्वतःला जाणकार म्हणवून घेण्याचा उद्धटपणा काकांच्या अंगात नाही.

लग्नात नवरीबरोबर पाठराखीण येते, चार दिवस राहते आणि माघारी जाते. काकांच्या प्लेअरबरोबर आलेल्या पाठराखिणींना माघारीचा रस्ताच ठाऊक नव्हता. एकीने ब्राउझरमध्ये हवामानाची पट्टी लावली होती. दुसरीने गूगलला घराबाहेर काढून स्वतःचं शोधयंत्र बसवलं होतं. तिसरी दर अर्ध्या तासाने उगवून, तुमच्या कॉम्प्युटरमध्ये हजारावर चुका सापडल्यात, असं लाल अक्षरांत सांगत होती.

"चुका फुकट दाखवते," काका म्हणाले, "दुरुस्तीचे मात्र पैसे."

आणि नवरी? डीव्हीडी तिलाही चालवता येत नव्हती.

हे फक्त गल्लीबोळातलेच उद्योग असतात असंही नाही. ओरॅकलसारखी बडी कंपनी वर्षानुवर्षं आपल्या जावा या सॉफ्टवेअरबरोबर आस्क टूलबार नावाची शोधपट्टी चिकटवून देत होती. खूण काढायला विसरलात की पट्टी आलीच. सोर्सफोर्ज म्हणजे मोफत सॉफ्टवेअरचं मोठं माहेरघर, पण तिथल्या फसव्या डाउनलोड बटणांना कंटाळून फोटो सुधारणाऱ्या जिम्पच्या मंडळींनी २०१३ मध्ये तिथून काढता पाय घेतला. २०१५ मध्ये सोर्सफोर्जने त्यांचं मागे राहिलेलं खातं बेवारस ठरवून ताब्यात घेतलं आणि जिम्प पाठराखिणीसकट वाटायला सुरुवात केली. बोंबाबोंब झाली. पुढच्या वर्षी मालक बदलले तेव्हा ही प्रथा थांबली. सीक्लीनरची तर कमालच. कॉम्प्युटर स्वच्छ करणारं हे सॉफ्टवेअर २०१७ मध्ये त्याच्या अधिकृत साइटवरूनच घाण घेऊन बाहेर पडलं आणि बावीस लाखांहून जास्त कॉम्प्युटरांवर जाऊन बसलं.

या सगळ्यातून माझा एक निकष तयार झालाय. साइट जितकी देखणी, तितका संशय जास्त. हेडफोन लावून हसणारी परदेशी बाई, पाच सोनेरी तारे, 'शंभर टक्के सुरक्षित'ची ढाल आणि उघडझाप करणारं हिरवं बटण दिसलं की मी हात मागे घेतो. उलट इगोर पाव्हलोव्ह १९९९ पासून फाइली दाबून लहान करणारं सेव्हन-झिप फुकट देतोय. त्याच्या साइटवर डाउनलोडच्या दुव्यांचं एक टेबल, खाली थोडी माहिती आणि संपलं. आपल्याला सुरक्षित म्हणवून घ्यायचं त्याला सुचलेलंही नाही. (हा निकष लग्नाच्या स्थळांना लावू नये, असं आमच्या ताईचं मत आहे.)

पाठराखिणींना एकेक करून घालवून दिल्यावर मी काकांना व्हीएलसी सुचवलं. पॅरिसजवळच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजच्या पोरांनी सुरू केलेला हा प्लेअर, नारिंगी-पांढऱ्या शंकूचा. डीव्हीडीसकट बहुतेक सगळं चालवतो. "वर पट्टीत टाइप करा, व्हिडिओलॅन डॉट ऑर्ग."

"वर कशाला? मध्ये एवढी मोठी जागा दिलीय की."

"मध्ये टाकलं तर शोध होतो, काका."

"शोधायचंच तर आहे." टकटक आवाज आला. "हं, पहिलंच आलं बघ."

"त्यावर स्पॉन्सर्ड असं लिहिलंय?"

"लिहिलंय की. म्हणजे कंपनी भक्कम असणार, पैसे भरलेत त्यांनी."

२०२२ मध्ये गूगलवर जिम्पची अशीच एक जाहिरात झळकली होती. पत्ता अस्सल दिसत होता, क्लिक केल्यावर मात्र माणूस भलत्याच साइटवर जाऊन पासवर्ड चोरणारी फाइल घरी आणत होता. हे ऐकल्यावर काकांनी जाहिरात सोडून खालचा दुवा उघडला. नशीब, साइट उघडली. त्याच २०२२ मध्ये फेब्रुवारीपासून नोव्हेंबरपर्यंत व्हिडिओलॅनची साइट भारतात बंद करून ठेवली होती. अस्सल दुकानाला टाळं आणि नकली दुकानं उघडी, असे ते महिने. तेव्हा हा फोन आला असता तर मी सरळ लोकल पकडून पेनड्राइव्ह पोचवला असता.

फाइल उतरल्यावर मी ती व्हायरसटोटलवर टाकायला लावली. तिथे सत्तरच्या आसपास अँटिव्हायरस एकाच फाइलवर आपापलं मत देतात. सगळे हिरवे आले, एक सोडून.

"एकाने विरोध केलाय रे!"

"एखादा चुकतो, काका. बाकी सगळे ठीक म्हणतायत."

"आमच्या सोसायटीच्या सभेत एवढं एकमत कधी झालं नाही," असं म्हणून त्यांनी फाइल उघडली. इन्स्टॉलर तीन-चार पानांत आटोपला. सोबत कोणीही आलं नाही, याची काकांना जरा हुरहुरच वाटली असावी. डीव्हीडी लागली. मागून सनईचा आवाज आला आणि काकू ओरडल्या, "अहो, तो हार सरळ करा म्हणाले होते ना तेव्हा!"

जरा वेळाने काका म्हणाले, "फुकट देतो, जाहिरात नाही, काही चिकटवत नाही. मग त्याचं पोट कसं भरतं?"

मी सांगितलं, की प्लेअरमध्ये जाहिराती भरण्यासाठी कोट्यवधी युरो देऊ केले होते आणि व्हीएलसीचे प्रमुख ज्याँ-बाप्तिस्त केम्फ नाही म्हणाले. काम चालतं ते बऱ्याच अंशी लोकांच्या देणग्यांवर.

"नाही म्हणाला?" बँकेतला माणूस हादरला. "मग आपण पाचशे रुपये तरी पाठवू या."

मी देणगीचं पान कुठे आहे ते सांगितलं. त्यांनी उघडलं. कार्ड आणायला उठले, परत आले, चष्मा पुसला.

"थांब. ही साइट अस्सल आहे कशावरून?"