‘नवीन आव्हानं हवीत’ एवढ्यावर मुलाखत निभावत नाही

‘सध्याची नोकरी का सोडताय?’ या प्रश्नाचं तयार उत्तर सांगणारा एक मेसेज व्हॉट्सॲपवर सतत फिरत असतो. त्यातला सल्ला थोडक्यात असा: पगाराचं नाव काढू नका, ‘नवीन आव्हानं हवीत’ म्हणा, कामावरून कमी केलं असेल तर राजीनामा दिला असं सांगा, चार-सहा महिन्यांची नोकरी बायोडेटातून गाळा, जुन्या कंपनीबद्दल वाईट बोलू नका, घरचं कारण सांगू नका, नोटीस पिरियड कमी करून सांगा. यातला एक मुद्दा बरोबर आहे, एक अर्धा बरोबर आहे आणि बाकीचे उमेदवाराला गोत्यात आणणारे आहेत.

आधी आव्हानांचं बघू. हे उत्तर एचआरने दिवसभरात इतक्यांदा ऐकलेलं असतं की त्याची नोंदही होत नाही. पुढचा प्रश्न येतोच, ‘कुठलं काम तिथे मिळत नाही?’ आणि त्याच्या पाठोपाठ, ‘ते मागितलं होतं का?’ बहुतेक जण या दुसऱ्या प्रश्नाला अडखळतात. विचारणाऱ्यांचे हेतूही वेगळे असतात. ज्या कारणाने तुम्ही तिथून निघताय तेच कारण आपल्याकडेही आहे का, हे विभागप्रमुखाला बघायचं असतं. एचआरला धास्ती असते ती ऑफर लेटर घेऊन तुम्ही ऐनवेळी येणारच नाही याची.

चाकणच्या एखाद्या ऑटो पार्ट्सच्या कारखान्यातला क्वालिटी इंजिनिअर धरा. तिथे नवा पार्ट मंजूर करून घेताना ग्राहक कंपनीला जो कागदपत्रांचा संच द्यावा लागतो तो पीपॅप; एफएमईए (कुठे काय बिघडू शकतं याचा अभ्यास) आणि कंट्रोल प्लॅन (ते कसं तपासायचं याचा आराखडा) हे त्यातलेच घटक. त्याचं उत्तर असं असू शकतं: ‘चार वर्षं इनकमिंग इन्स्पेक्शन, म्हणजे बाहेरून येणाऱ्या मालाची तपासणी बघतोय. पीपॅपच्या 18 घटकांपैकी मोजमापांचा रिपोर्ट तेवढा माझ्याकडे असतो. एफएमईए आणि कंट्रोल प्लॅन सीनिअर करतात. मागच्या अप्रेझलमध्ये नव्या पार्टचं काम मागितलं होतं, पण त्या टीममध्ये जागा नाही. तुमच्या जाहिरातीत नव्या पार्टचं डेव्हलपमेंट आणि सप्लायर ऑडिट दोन्ही आहे.’ बोलायला अर्धा मिनिट लागतो. यावर पुढचे प्रश्न एफएमईएवरच येतील, म्हणजे तयारी कशाची करायची तेही कळलं. मात्र जाहिरात नीट वाचलेली हवी. तिथलं कामही मुख्यतः इन्स्पेक्शनचंच असेल, तर हेच उत्तर अंगलट येतं.

पगाराचा मुद्दा अर्धा बरोबर आहे. सध्याचा आणि अपेक्षित सीटीसी (कंपनीला तुमच्यावर होणारा एकूण खर्च) फॉर्मवर आधीच लिहून घेतलेला असतो, तेव्हा पैशांचा विषयच नाही असा आव आणण्यात अर्थ नाही. पण पगार हेच एकमेव कारण दिलं, तर नोटीसच्या काळात जुन्या कंपनीने तेवढीच वाढ दिली की हा माणूस तिथेच थांबणार, असा हिशोब समोरचा करतो. म्हणून आधी काम, मग पगार. आणि ‘इथे कमी मिळतात’ म्हणायचं तर आकडा हातात पडणाऱ्या रकमेचा हवा. बेसिक महिना 25,000 असेल, तर कंपनीच्या वाट्याचा 12 टक्के पीएफ म्हणजे 3,000 आणि ग्रॅच्युइटीचे 4.81 टक्के म्हणजे सुमारे 1,200 रुपये बऱ्याच ठिकाणी सीटीसीतच धरलेले असतात. कायम नोकरीत ग्रॅच्युइटी साधारणपणे 5 वर्षं भरल्याशिवाय हाती येत नाही. दोन सीटीसींची नुसती वजाबाकी सांगणारा उमेदवार इथे पकडला जातो.

सगळ्यात घातक सल्ला लपवालपवीचा. चार महिन्यांची नोकरी गाळली तरी तिथे पीएफ कापला गेला असेल, तर यूएएनच्या (पीएफच्या कायमच्या नंबरच्या) सर्व्हिस हिस्टरीत कंपनीचं नाव आणि रुजू झाल्याची तारीख दिसते. टीडीएस कापला असेल तर आयकर खात्याच्या 26एएस या कापलेल्या कराच्या विवरणातही कंपनी येते. बॅकग्राउंड व्हेरिफिकेशनमध्ये हे दोन्ही मागितले जाऊ शकतात. चार महिन्यांची नोकरी एका वाक्यात सांगून मोकळं व्हावं: ‘सांगितलेलं काम डिझाइनचं होतं, प्रत्यक्षात सेल्स सपोर्टचं दिलं.’

कामावरून कमी केलं असेल तर ते पीएफच्या नोंदीवरून कळेलच असं नाही. तिथे राजीनामा आणि कपात असा वेगळा उल्लेख सहसा नसतो. कळतं ते जुन्या एचआरला जाणाऱ्या मेलमधून. सोडण्याचं कारण काय आणि परत घ्याल का, हे त्यात अनेकदा विचारलेलं असतं. ‘ती लाइनच बंद झाली, अख्खी टीम गेली’ यात लाजण्यासारखं काही नाही. खोटं निघालं तर मात्र रुजू झाल्यावरही घरी पाठवतात, कारण माहिती खरी असल्याच्या कागदावर सही केलेली असते. एक अडचण मात्र नेहमी येते: जुनी कंपनी पीएफमध्ये सोडल्याची तारीखच भरत नाही. मग एकाच वेळी दोन नोकऱ्या केल्यासारखं दिसतं. शेवटचा पीएफ भरल्याला दोन महिने झाले की यूएएन पोर्टलवर मॅनेजमध्ये जाऊन ‘मार्क एक्झिट’मधून ती स्वतः भरता येते. रिलीव्हिंग लेटर बघूनच भरा, चुकीची तारीख नंतर बदलणं किचकट असतं.

जुन्या कंपनीला नावं ठेवू नका, हे बरोबरच. पण ‘7 तारखेचा पगार तीन महिने महिनाअखेरीस झाला’ ही निंदा नव्हे, माहिती आहे. फक्त त्यापुढे विशेषणं लावू नयेत. साहेबांचा स्वभाव हा विषय तर काढूच नये.

घरच्या कारणाला का घाबरायचं, हे कळत नाही. आईवडील कोल्हापुरात आहेत म्हणून पुण्याहून कागल किंवा गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत येणारा माणूस तिथल्या कंपनीला हवाच असतो, कारण तो टिकतो. फक्त पुण्याचा पगार तिथे मिळेलच असं नाही, हे मान्य आहे का, असा प्रश्न येईल. मुलींना ‘लग्नाचं काय?’ असंही विचारतात. प्रश्न गैर आहे. ‘कामाच्या वेळा आणि शिफ्ट मला जमतील’ एवढं सांगून कामाच्या विषयावर परत यावं.

राहिली नोटीस. अपॉइंटमेंट लेटरमध्ये 90 दिवस असताना 30 सांगितले, तर ऑफर लेटरवर रुजू व्हायची तारीख चुकीची पडते आणि नंतर ती वाढवून मागावी लागते. पैसे भरून नोटीस कमी करता येते का, हे त्याच लेटरमधल्या कलमावर ठरतं. ‘एम्प्लॉयी ऑर कंपनी’, म्हणजे दोघांपैकी कुणीही, असं लिहिलंय की नुसतं ‘कंपनीच्या मर्जीनुसार’, ते मुलाखतीला जाण्याआधी वाचून ठेवा.