इशारा आधीच कुठेतरी मिळालेला असतो

अमेरिकेत ओहायो राज्यातल्या डेव्हिस-बेसी अणुवीज केंद्राचं नाव फारसं कुणी ऐकलेलं नसतं. थ्री माइल आयलंड, चेर्नोबिल, फुकुशिमा सगळ्यांना ठाऊक असतात. पण अणुवीज केंद्रांची तपासणी बाहेरच्या देशांतल्या माणसांकडून कशाला करून घ्यायची, असं मला कुणी विचारलं की मी डेव्हिस-बेसीपासून सुरुवात करतो.

24 सप्टेंबर 1977. भट्टी जेमतेम 9 टक्के क्षमतेवर होती. दाब वाढला की उघडणारा रिलीफ व्हॉल्व्ह उघडला, तो बंद झालाच नाही. भट्टी थंड ठेवणारं पाणी तिथून निसटत होतं, पण कंट्रोल रूममध्ये प्रेशरायझरमधली, म्हणजे भट्टीतला दाब सांभाळणाऱ्या टाकीतली, पाण्याची पातळी उलट चढताना दिसत होती. पाणी जास्त झालं असं समजून ऑपरेटरांनी आणीबाणीचं पाणी थांबवलं. वीसेक मिनिटांनी खरी भानगड लक्षात आली, त्यांनी त्याच पाइपवरचा दुसरा व्हॉल्व्ह बंद केला आणि निभावलं.

भट्टी बनवणाऱ्या बॅबकॉक अँड विल्कॉक्स कंपनीतल्या बर्ट डन या अभियंत्याला मात्र स्वस्थ बसवेना. फेब्रुवारी 1978 मध्ये त्याने लेखी कळवलं की हेच पूर्ण क्षमतेवर घडलं असतं तर गाभा, म्हणजे भट्टीतला इंधनाचा भाग, उघडा पडून इंधनाचं नुकसान होऊ शकलं असतं, ऑपरेटरांना नव्या सूचना द्या. त्या सूचना केंद्रांपर्यंत गेल्या नाहीत. 28 मार्च 1979 च्या पहाटे थ्री माइल आयलंडच्या दुसऱ्या युनिटमध्ये, त्याच कंपनीच्या भट्टीत, तसाच व्हॉल्व्ह तसाच उघडा राहिला. ऑपरेटरही तसेच फसले. या वेळी भट्टी 97 टक्क्यांवर होती आणि व्हॉल्व्ह दोन तासांहून जास्त वेळ उघडा होता. जवळजवळ अर्धा गाभा वितळला.

अठरा महिने हातात होते. उत्तर कागदावर लिहिलेलं होतं. हे वाचलं की मला अजून चीड येते.

मी अणुक्षेत्रातला नाही. एका रसायन कारखान्यात इन्स्ट्रुमेंट विभागात 22 वर्षं काढली. तिथे एकदा दुसऱ्या कारखान्यातले इंजिनिअर तपासणीला आले होते. पहिल्याच दिवशी त्यांच्यातल्या एकाने पॅनेलवरच्या एका अलार्मकडे बोट दाखवून विचारलं, हा बायपासवर (म्हणजे वाजणारच नाही असा) कधीपासून आहे? आमच्यातल्या कुणालाच सांगता आलं नाही. आम्ही रोज त्याच्यासमोर उभे राहून चहा प्यायचो. आळशी किंवा बेफिकीर कुणी नव्हतं. रोज दिसणारी गोष्ट दिसेनाशी होते, एवढंच. पीअर रिव्ह्यू म्हणजे काय हे मला त्या दिवशी कळलं. आपलंच काम दुसरीकडे करणाऱ्या माणसाने आपल्या घरात येऊन प्रश्न विचारायचे.

थ्री माइल आयलंडनंतर अमेरिकेतल्या वीज कंपन्यांनी 1979 मध्येच इन्पो ही संस्था काढली आणि एकमेकांची केंद्रं तपासायला सुरुवात केली. पण ते एका देशापुरतं होतं. सोव्हिएत संघात 30 नोव्हेंबर 1975 ला लेनिनग्राड केंद्राच्या पहिल्या युनिटमध्ये, चेर्नोबिलच्याच प्रकारच्या भट्टीत, इंधनाचं नुकसान झालं होतं. 1983 मध्ये त्याच प्रकारच्या इग्नालिना केंद्राच्या चाचण्यांत दिसलं की भट्टी थांबवणारे नियंत्रक दांडे आत शिरताना सुरुवातीचे काही क्षण उलट शक्ती वाढवू शकतात. 26 एप्रिल 1986 च्या रात्री चेर्नोबिलच्या कंट्रोल रूममध्ये बसलेल्या माणसांना या दोन्हींचा अर्थ कुणी समजावलेला नव्हता. बाहेरच्या जगाला तर अपघात झाल्याचंही दोन दिवसांनी कळलं, तेही सुमारे 1,100 किलोमीटरवरच्या स्वीडनच्या फोर्समार्क केंद्रात एका कर्मचाऱ्याच्या बुटांवर किरणोत्सार सापडला म्हणून.

'आमचं केंद्र, आमचं सार्वभौमत्व' असं म्हणणाऱ्यांना माझं उत्तर म्हणजे ते बूट.

त्यानंतर हालचाल झाली आणि ती खरी होती. सप्टेंबर 1986 मध्येच, अपघात झाला की लगेच कळवण्याचा आणि एकमेकांना मदत करण्याचा, असे दोन करार झाले. 15 मे 1989 ला, शीतयुद्ध संपलेलं नसताना, जगभरच्या अणुवीज कंपन्या मॉस्कोत जमल्या आणि 'वानो' ही संघटना उभी राहिली. अमेरिकन ऑपरेटर सोव्हिएत केंद्रांत आणि सोव्हिएत ऑपरेटर अमेरिकन केंद्रांत जाऊ लागले. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या 'ओसार्ट' या तपासणी मोहिमा त्याआधीपासून, 1983 पासून, चालू होत्या. आजवर अशा 200 हून जास्त झाल्या आहेत. निरनिराळ्या देशांतले डझनभर अनुभवी लोक जवळपास तीन आठवडे एका केंद्रात मुक्काम ठोकतात. पाळी बदलताना एकाने दुसऱ्याला काय सांगितलं ते ऐकतात, ऑपरेटरच्या मागे उभे राहतात, पॅनेलवर कुणी हाताने लिहून चिकटवलेली चिठ्ठी अधिकृत आहे का ते विचारतात. दीडेक वर्षाने परत येऊन सांगितलेलं केलं का ते बघतात. आणि येणारा माणूस नुसता शिकवायला येत नाही, परत जाताना स्वतःच्या केंद्रासाठी चार गोष्टी घेऊन जातो.

तरीही, ऐकणारा ऐकायला तयार नसेल तर? त्यासाठी पुन्हा डेव्हिस-बेसीकडे जावं लागतं.

1991 मध्ये फ्रान्समधल्या ब्युजे केंद्राच्या तिसऱ्या भट्टीत दाबचाचणीच्या वेळी झाकणातल्या एका नळीला गळती सापडली. नियंत्रक दांड्यांसाठी झाकणातून आत गेलेल्या नळ्यांमध्ये भेगा पडत होत्या. फ्रेंचांनी मामला गंभीरपणे घेतला, एकामागून एक भट्ट्यांची झाकणंच बदलायला काढली. अमेरिकेत ही बातमी पोचली होती, चर्चाही झाली. पण 2001 मध्ये नियामकाने वर्षअखेरपर्यंत तपासणी करा म्हटल्यावर डेव्हिस-बेसीच्या कंपनीने मुदत वाढवून मागितली आणि तिला फेब्रुवारी 2002 पर्यंत ती मिळाली. मार्चमध्ये झाकण पाहिलं तेव्हा गळलेल्या पाण्यातल्या बोरिक आम्लाने सुमारे 17 सेंटीमीटर जाडीचं पोलाद आरपार खाल्लेलं होतं. भट्टीतला प्रचंड दाब आणि बाहेरचं जग यांच्यामध्ये शिल्लक होता स्टेनलेस स्टीलचा जेमतेम सेंटीमीटरभर पातळ अस्तर-पत्रा. केंद्र दोन वर्षं बंद राहिलं.

1977 मध्ये या केंद्राचा इशारा इतरांनी ऐकला नाही, 2002 मध्ये इतरांचा इशारा या केंद्राने ऐकला नाही.

2011 मध्ये त्सुनामीचं पाणी शिरलेल्या जपानच्या फुकुशिमा केंद्राची गोष्ट याहून वेगळी नाही. 27 डिसेंबर 1999 ला फ्रान्सच्या ब्लाये केंद्रात वादळाने पाणी शिरलं आणि तळघरातले पंप आणि विजेची यंत्रणा बुडाली. तळघरात महत्त्वाची यंत्रणा ठेवू नका, हा धडा तिथेच मिळाला होता. 2007 मध्ये आंतरराष्ट्रीय पथकाने जपानच्या नियामक व्यवस्थेची तपासणी केली आणि नियामक यंत्रणांच्या भूमिका स्पष्ट करा असं सुचवलं. अणुऊर्जेचा प्रसार करणाऱ्या मंत्रालयाच्याच छत्राखाली नियामक बसलेला होता. तो वेगळा झाला 2012 मध्ये, तीन गाभे वितळल्यानंतर.

म्हणून माझं मत असं की पीअर रिव्ह्यू पुरेसे होताहेत का, हा प्रश्नच अपुरा आहे. त्यांनी काय सांगितलं आणि त्याचं पुढे काय झालं, हे लोकांना दिसलं पाहिजे. ओसार्ट मोहीम त्या देशाने बोलावली तरच येते. ज्याला भीती वाटत नाही तो बोलावतो, ज्याने बोलवायला हवं तो टाळू शकतो. वानोची तपासणी फुकुशिमानंतर दर चार वर्षांनी व्हायची ठरली ते उत्तम, पण तिचे अहवाल गुप्त असतात. गुप्ततेमागचं कारण मला पटतं. उद्या पेपरात छापून येणार असेल तर कुठला ऑपरेटर मन मोकळं करेल? बोलणं गुप्त ठेवा, नावं गुप्त ठेवा. पण काय उणं आढळलं आणि ते दुरुस्त झालं की नाही, एवढं चार ओळींत सांगायला काय हरकत आहे? केंद्राशेजारी राहणाऱ्याचा तेवढा हक्क आहे.

अणुसुरक्षा करार 1994 मध्ये झाला. त्याखाली देश दर तीन वर्षांनी अहवाल मांडतात आणि इतर देश त्यावर प्रश्न विचारतात. ही पद्धत चांगली आहे, पण उत्तर टाळलं तर शिक्षा नाही. फुकुशिमानंतर स्वित्झर्लंडने करारातच दुरुस्ती सुचवली, म्हणजे नव्या केंद्रांसाठीचं सुरक्षेचं उद्दिष्ट जुन्या केंद्रांच्या सुधारणांनाही लागू व्हावं. फेब्रुवारी 2015 मध्ये व्हिएन्नात त्यावर एकमत झालं नाही. दुरुस्तीऐवजी जाहीरनामा निघाला. ती संधी घालवली याचं मला आजही वाईट वाटतं.

ओसार्टचे अहवाल, त्या देशाने हरकत घेतली नाही तर, 90 दिवसांनी खुले होतात. वेळ मिळेल तेव्हा एखादा उघडून बघा. मी पाठपुराव्याच्या भेटीचा अहवाल आधी वाचतो. तिथे प्रत्येक मुद्द्यापुढे तीनपैकी एक शेरा असतो: प्रश्न सुटला, प्रगती समाधानकारक, प्रगती अपुरी. माझी नजर तिसऱ्या शेऱ्यावर जाते. तो दिसला की मी मागे जाऊन मूळ मुद्दा शोधतो, आणि मग इतर केंद्रांचे अहवाल उघडून बघतो, हेच आधी कुठे लिहून ठेवलं होतं का.