कॉम्प्रेसरला गोधड्या गुंडाळणं आता पुरे!

अंड्यांचे ट्रे. अजूनही लोक गॅरेजच्या भिंतीला अंड्यांचे ट्रे चिकटवतात! कागदाचा लगदा तो, ना वजन ना जाडी. त्याने शेजाऱ्याकडे जाणारा एअर कॉम्प्रेसरचा (टाकीत दाबाने हवा भरणाऱ्या मशीनचा) आवाज जराही थांबत नाही. वर भुसा अडकतो, झुरळं होतात आणि ग्राइंडरची ठिणगी पडली की पेटतो ते वेगळंच. त्याच्या पुढची पायरी म्हणजे ऑनलाइन मागवलेला काळा, टोकं-टोकं असलेला फोम. 'साउंडप्रूफ' म्हणून विकतात, लाज नाही वाटत. तो खोलीतला घुमारा कमी करतो, बस. आवाज भिंतीपलीकडे जाऊ द्यायचा नसेल तर वजन लागतं, वजन! आणि शेजारच्या बंगल्यापर्यंत पोचतो तो खालच्या पट्टीतला धडधडाट. कॉम्प्रेसरला मिनिटाला 1440 फेऱ्यांची मोटर थेट जोडलेली, सिलिंडर दोन, म्हणजे सेकंदाला 48 झटके. 48 हर्ट्झच्या ध्वनिलहरीचा नुसता पाव भागच पावणेदोन मीटरच्या वर भरतो. तिथे तुमचा इंचभर फोम काय दिवे लावणार?

बरं, हे झटके येतात कुठून, ते तरी बघा. हेडवरच्या, म्हणजे सिलिंडरच्या डोक्यावरच्या, त्या टीचभर प्लास्टिकच्या फिल्टरमधून! पिस्टन दर फेरीला तिथून हवा गचकन ओढतो. घोरतंय नाक आणि गोधडी टाकताय पायावर. कंपन्याही धन्य. हजारो रुपयांचं मशीन, आणि त्यावर फिल्टर म्हणून चार आण्याची डबी.

ती डबी काढा. आटे मोजा; लहान मशीनला सहसा पाव इंच, तीन सूत नाहीतर अर्धा इंच बीएसपी (पाइपच्या आट्यांचं ठरलेलं माप) असतात. निपल लावून त्याला एक इंची सक्शन होज जोडा, पाण्याच्या पंपाला लावतात ती, आत तारेचं वेटोळं असलेली. बागेची साधी नळी लावणाऱ्यांना कोपरापासून नमस्कार. ओढीने ती चपटी होते, मशीनचा श्वास कोंडतो, टाकी भरायला दुप्पट वेळ लागतो आणि हेड तापतं. मग म्हणायचं, मशीनच भिकार. मीटर-दीड मीटर होजनंतर 110 मिमी पीव्हीसी पाइपचा दोन फुटी तुकडा, दोन्ही तोंडांना टोप्या. एका टोपीत होज, दुसरीत तेवढ्याच मापाचं तोंड, आणि त्या तोंडावर खरा फिल्टर, मोटरसायकलचा कागदी चालेल. बारीक नळीतून झटका एकदम रुंद जागेत आला की त्याचा जोर मोडतो. फोम हाताशी असेलच तर या पाइपच्या आत अस्तर म्हणून लावा, फुसफुस कमी होईल. हा डबा गॅरेजच्या बाहेर काढला तर तोंड खाली आणि छपराखाली हवं, नाहीतर जूनमध्ये मशीन पाणी ओढेल. रंग फवारता तिथे तर मुळीच नको.

हे न करता लोक थेट पेटी बांधायला घेतात. टिंबर मार्केटला जायचं, 12 मिमी प्लाय आणायचा, चारी बाजूंनी बंद. शाबास! 2 एचपीची मोटर म्हणजे साधारण दीड किलोवॉट, आणि ती जवळजवळ सगळी शेवटी उष्णता होऊन पेटीतच साचते. आतली हवा बाहेरच्यापेक्षा फार तर 10 अंश गरम ठेवायची तर तासाला सुमारे 450 घनमीटर हवा खेळली पाहिजे. एप्रिलमध्ये पुण्यात पारा चाळिशीला टेकलेला असताना पेटी बंद ठेवली की ओव्हरलोड ट्रिप होऊन मोटर बंद पडणारच. मग झाकण उघडं ठेवून चालवतात, म्हणजे पेटी फुकट. पृष्ठभागाचा शंभरावा भाग जरी उघडा राहिला तरी 20 डेसिबलच्या वर फरक पडतच नाही, लाकूड कितीही जाड घ्या. पेटी करायचीच असेल तर 18 मिमी प्लाय, आत 50 मिमी रॉकवूल (दगडाच्या तंतूंची गादी), वर कापड ताणून. दाराला सगळीकडे रबरी गॅस्केट. हवा आत येण्याचा आणि बाहेर जाण्याचा, दोन्ही मार्ग आतून अस्तर लावलेले आणि दोनदा वळवलेले, एकाला एक्झॉस्ट फॅन. आणि सक्शन होज पेटीबाहेरच!

जमिनीचं वेगळंच रडगाणं. चाकांवरचं मशीन फरशीवर ठेवतात आणि टाकीपासून जीआय पाइप थेट भिंतीला क्लॅम्प करतात. मग भिंत वाजते, शटरच्या पट्ट्या खडखडतात. टाकीनंतर हात-दोन हात रबरी होज सैल सोडा, मग जीआय. खाली घातलेलं रबर मशीनच्या वजनाने थोडं दबलं पाहिजे. दगडासारखा कडक पॅड घालून काही होत नाही.

'सायलेंट, 60 डेसिबल' छापणाऱ्यांना कुणी विचारतं का, किती अंतरावर मोजले ते? मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की 6 डेसिबल आपोआप उतरतात. तीन मीटरवरचे 60 म्हणजे एका मीटरवर जवळजवळ 70! आणि 'दिवसा काय, चालतं' म्हणणाऱ्यांसाठी: 2000 च्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागाला दिवसाही 55 चीच मर्यादा आहे, रात्री 10 ते सकाळी 6 पर्यंत 45.

दुपारी एक ते चार कुणाची झोप मोडायची नसेल तर टाकी साडेबारालाच भरून घ्या ना. 50 लिटरची टाकी 8 बारवरून (बार म्हणजे हवेच्या दाबाचं माप) 4 वर येईपर्यंत सुमारे 200 लिटर मोकळी, म्हणजे बाहेरच्या साध्या दाबाची, हवा देते. ब्रॅड नेलरला, म्हणजे बारीक खिळे ठोकणाऱ्या हवेच्या गनला, तेवढी भरपूर. एअर सँडर (हवेवर चालणारं घासायचं यंत्र) मात्र ती मिनिटभरात फस्त करेल, तो चारनंतरच काढा.

आणि एवढं सगळं करून शेवटी काय, तर भुसा उडवायला ब्लो गन थेट 8 बारवर! ती किंचाळी कॉम्प्रेसरपेक्षा कर्कश असते हो. दाब कमी-जास्त करणारा रेग्युलेटर बसवलेला असतो तो शोभेला नाही, गन हातात घेण्याआधी तो दोन बारवर आणा.